पत्र्याचे वाण

तीन जानेवारी, रविवार, सकाळी साडेदहा. संक्रांतीला अकरा दिवस होते. ठरलेली रक्कम एकशे पन्नास रुपये, त्यातले पन्नास आगाऊ. माल म्हणजे कुंकवाचे पत्र्याचे करंडे, नग साठ, दर अडीच रुपये. हजर चौघी होत्या: ऑर्डर देणाऱ्या नलूकाकू, मध्ये बोलायला समोरच्या खोलीतली शेवंतामावशी, माझी आई आणि मी. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, मुलुंडच्या एका कॉलेजात कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला होते. एवढे सगळे आठवते, कारण तो माझा पहिला सौदा होता आणि मी तो वहीत लिहिला होता.

आमची चाळ मुलुंडला आग्रा रोडपासून आत, बैठी, समोरासमोर दहा-दहा खोल्यांची. मधून एक बोळ. आम्ही तिसऱ्या खोलीत आणि नलूकाकू अगदी शेवटी, दोन खोल्या एक करून. त्यांचे यजमान चाळ कमिटीचे सेक्रेटरी आणि चाळीतला एकमेव फोन त्यांच्याकडे. त्यांच्या घरी जायचे तर आमच्या दारावरून जावेच लागे. दुसरा रस्ता नव्हता. ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडली.

बाबा पत्र्यावर छपाई करणाऱ्या कारखान्यात होते. तेलाचे डबे, बिस्किटांचे डबे, पावडरीचे डबे, यांचे पत्रे तिथे रंगीत छापून निघत. मी बारावीत असताना बाबा काविळीने गेले आणि कंपनीने त्यांच्या जागी आईला घेतले. मशीनवर नाही, निवडीच्या टेबलावर. छापलेला पत्रा समोरून सरकत जायचा आणि ज्यावर लाल रंग पिवळ्याच्या बाहेर गेला असेल, तो तिने बाजूला काढायचा. आठ तास उभे राहून. पहिल्या वर्षी तिच्या बोटांवर इतके चिरे होते, की पीठ मळायचे काम माझ्याकडे आले. चुकीचा छापलेला तो पत्रा कंपनी कामगारांना किलोवर विकायची, चार रुपये किलो, दर शनिवारी अर्ध्या दिवसानंतर. आता शनिवारी लोखंड घरात आणू नये, असे आमच्या चाळीत सगळेच मानत. आई दर शनिवारी डोक्यावर पत्र्याची गुंडाळी घेऊन बोळातून यायची आणि कुणी काही म्हटले तर म्हणायची, “शनिवारी पगार हातात पडला तर घेतेस ना गं? मग पत्र्याने काय घोडं मारलंय?”

तिला तो पत्रा छपराला, न्हाणीच्या आडोशाला आणि शेगडीमागच्या भिंतीला लागे. उरलेला माझा. बाबा असताना ते त्यातून पाखरे कापून द्यायचे. मला पाखरांत रस नव्हता, मला डबे आवडायचे. झाकण नीट बसले की जो आवाज येतो, त्यासाठी मी चार-चारदा झाकण उघडून लावायची. शाळेत आम्हाला कार्यानुभवाच्या तासाला ‘टाकाऊतून टिकाऊ’ शिकवत. तो शब्द मला तेव्हाही आवडत नव्हता आणि आजही आवडत नाही. माझा पत्रा टाकाऊ नव्हता. रंग अर्धा सूत सरकला होता, एवढाच त्याचा दोष. परवा माझ्या मुलीने फोनवर तसलाच एक डबा दाखवला, छापील पत्र्याचा, हाताने बनवलेला, किंमत आठशे नव्वद. तिला वाटले मी हरखून जाईन. मी आधी कड जवळ करून बघितली. दुमडलेली नव्हती, नुसती कापून सोडली होती. म्हटले, ह्याने बोट कापेल.

करंड्याची कृती सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे. मोडलेल्या मुसळाचा एक तुकडा आमच्याकडे होता, साधारण दोन इंच जाडीचा. कापलेली पट्टी त्याच्याभोवती वळवायची, टोके एकमेकांत अडकवून ठोकायची. हातोडीच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधायचा, म्हणजे छपाई खरवडत नाही. तळ आणि बाजू सोल्डरने जोडायची, सोल्डर वितळवायची लोखंडी खडी शेगडीच्या कोळशांत तापवायची, आणि ती नेमकी तापली की आई म्हणायची, “डाळ उतू जातेय, आधी ती बघू की तुझा डबा?” झाकणावर धरायला सोडावॉटरचे बूच, उलटे लावलेले. त्याची चुणीदार कड फुलासारखी दिसते. बुचे मी स्टेशनजवळच्या गाडीवाल्याकडून आणली, साठ आणि वर पाच. तो फुकट द्यायला लागला, तर मी त्याला दोन रुपये दिले. सगळ्यात शेवटचे काम आईचे. तिची एक जुनी नायलॉनची साडी होती. तयार झालेला प्रत्येक करंडा ती त्या साडीवर आतून-बाहेरून घासायची. एक जरी धागा अडकला तरी करंडा परत माझ्याकडे. साठातले एकोणीस परत आले, त्यातले सहा दोनदा. “बाईचं बोट रोज जायचंय ह्यात,” ती म्हणायची, “आणि बोटाला लागलं की ती तुला शिव्या घालणार, नलूवहिनींना नाही.”

एका करंड्याला चाळीस मिनिटे. साठांचे चाळीस तास. कॉलेज सांभाळून दहा दिवस रोज चार तास. पत्रा सहा किलो, चोवीस रुपये. सोल्डर, बुचे आणि कोळसा मिळून चौदा. खर्च अडतीस. आधी कुंकू भरून एक करंडा आठ दिवस ठेवून पाहिला होता. रंग उतरला नाही, गंज आला नाही. त्या दिवसांत आमच्या खोलीत सतत ठकठक. शेजारचे वैतागले असणारच, पण कुणी बोलले नाही, कारण ऑर्डर नलूकाकूंची होती. शेवंतामावशी मात्र दारात उभी राहून म्हणायची, “काय गो, लगीन हा काय घरात? वाजपी कित्याक बोलावल्यात?”

भोगीच्या दिवशी दुपारी मी दोन पिशव्या घेऊन काकूंकडे गेले. काकूंनी दिवाणावर चादर पसरली आणि एकेक करंडा मांडून बघितला. त्या खूश झाल्या, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. त्यांनी झाकणे उघडून लावून पाहिली, मला तिळाची वडी दिली, आतून शंभराची नोट आणली. मग त्यांनी काही करंडे बाजूला काढायला सुरुवात केली. साठापैकी अकरा झाकणांवर फुलांऐवजी अक्षरे आली होती, कुठे ‘निव्वळ वजन’, कुठे ‘खाद्य’, कुठे नुसती वेलांटी. मला ती फुलांपेक्षा आवडायची.

“हे अकरा मी घरातल्या घरात वाटेन,” काकू म्हणाल्या. “दादरच्या दुकानातल्या करंड्यावर तेलाच्या डब्याची अक्षरं कशी असतील?”

“दादरचं दुकान?”

“हे बघ शैला, राग मानू नकोस. बायका विचारतात, कुठून आणलंस. मी दादरहून आणले सांगणार आहे. तू मध्ये काही बोलू नकोस, झालं.”

“पण मी केलेत ना काकू.”

“तू केलेस गं, झकास केलेस. पण घर कुणाचं? सवाष्णींनी कुंकू ठेवायचंय त्यात. विधवेच्या घरून आलेत कळलं तर निम्म्याजणी तोंडावर घेतील आणि घरी जाऊन टाकतील. मला काही नाही त्याचं. लोकांचं सांगते.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “आणि तुझ्या आईला, सुमनला सांग, उद्या पाच ते आठ दार लोटून घे म्हणावं. मला तोंडावर बोलवत नाही तिला. नटूनथटून बायका यायच्या आणि दारात पहिली ती दिसायची, बरं नाही वाटत. तू समजूतदार आहेस.”

मी समजूतदार नव्हते. मी म्हटले, “काकू, हा पत्रा तिने निवडलाय. ह्या साठ करंड्यांच्या कडा तिने स्वतःच्या साडीवर घासल्यात, तुमच्या सवाष्णींची बोटं कापू नयेत म्हणून.”

“म्हणून तर म्हणते, कुणाला सांगू नकोस.”

मी वडी खाली ठेवली आणि करंडे परत पिशवीत भरायला लागले. मोजून. काकूंना आधी वाटले मी पुन्हा मोजून देतेय. चाळीसच्या पुढे गेल्यावर त्यांच्या लक्षात आले.

“अगं, काय करतेस? उद्या आहे हळदीकुंकू! साठ बायका येतील, मी काय वाटू?”

“दादरला मिळतात म्हणे,” मी म्हटले आणि निघाले.

इथे एक गोष्ट लिहिली पाहिजे, नाही तर ही हकीगत एकतर्फी होईल. बाबा आजारी पडले तेव्हा टॅक्सी काकूंच्या यजमानांनी बोलावली होती आणि अकरा दिवस हॉस्पिटलचे निरोप काकूंच्या फोनवर येत होते. रात्री-अपरात्री काकू स्वतः बोळातून चालत येऊन निरोप सांगायच्या. ह्या बाई वाईट नव्हत्या. त्यामुळे मला त्यांचा राग कमी आला, असे मात्र नाही. जास्त आला. आजही तितकाच येतो.

घरी आई बाजरीच्या भाकऱ्या करत होती, वरून तीळ दाबून. शेगडीवर भोगीची भाजी, पावटे, वांगी, गाजर, सगळे एकत्र रटरटत होते. मी पिशव्या ठेवल्या आणि सांगितले. ती आधी माझ्यावरच उखडली. “कबूल केलेला माल परत आणलास? आदल्या दिवशी? तुझ्या बाबांनी असं कधी केलं नसतं.”

“दादरहून आणले सांगणार होत्या.”

“सांगू दे की. तुझे पैसे मिळाले असते ना?”

“आणि तुला उद्या दार लोटून घ्यायला सांगितलंय. पाच ते आठ.”

तव्यावरची भाकरी तशीच राहिली. आईच्या हातून भाकरी करपलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. तिने ती उतरवली, करपलेली बाजू खरवडली, आणि फणीकरंड्याच्या पेटीतून, जिच्यात आता रेशनकार्ड आणि पैसे असायचे, पन्नास रुपये काढले. “आगाऊ घेतलेले आधी देऊन ये. हातात दे. दारातून टाकून येऊ नकोस.”

मी देऊन आले. काकूंनी ते घेतले, माझ्याकडे न बघता.

परत आले तर आईने सगळे करंडे कोनाड्याखाली ओळीने मांडले होते. म्हणाली, “आता हे मी लुटणार.”

“तू?”

“का? हात नाहीत मला? उद्या पाच ते आठ. दार उघडं ठेवून.”

मला भीती वाटली, हे लिहायला लाज नाही. काकूंशी भांडण्याइतकी हिंमत माझ्यात होती. आईने भर बोळात बसायचे म्हणजे मला झेपेना. मी म्हटले, “कुणी घेतलं नाही तर?”

“नाही घेतलं तर साठ करंडे आपल्याकडे राहतील. पत्रा आहे, नासतो थोडाच?”

आईने दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली. गुरुवार होता. साडेचारला तिने दारासमोर पाणी मारले, मी रांगोळी काढली. उंबऱ्याबाहेर पाट ठेवला, त्यावर आई बसली, हिरव्या सुती साडीत, कपाळ तसेच मोकळे. एका उलट्या खोक्यावर साठ करंडे, प्रत्येकात दोन तिळाच्या वड्या. हळद आणि कुंकू दोन वाट्यांत बाजूला ठेवले होते. “मी कुणाला लावणार नाही,” ती मला म्हणाली. “ज्यांना हवं त्यांनी स्वतःचं स्वतः लावावं. माझं काम वाण द्यायचं.”

शेवंतामावशी समोरून उठून आली. “पयलो करंडो माका दी. माझो घोव बाटलीत बुडालो हा, आता माझा आणखी काय वाकडा होतला?” बाहेरच्यांत मी तिला धरत नाही. ती आमचीच.

पाचला बायका यायला लागल्या. काळ्या साड्या, गजरे, अत्तराचा वास. पाच ते पाच पंचवीस एकूण नऊजणी दारावरून गेल्या. दोघी हसल्या. एकीने पदर सावरून तोंड वळवले. पहिल्या खोलीतली नवी सून हलव्याचे दागिने घालून निघाली होती, तिची पहिलीच संक्रांत; ती करंड्यांकडे वाकली, तर सासूने दंडाला धरून पुढे नेली. आई प्रत्येकीला तेच म्हणत होती, त्याच आवाजात: “तिळगूळ घ्या, वाण घेऊन जा.” नवव्यांदाही तिचा आवाज बदलला नाही. मी मात्र आत जायचे निमित्त शोधत होते. आई पुढे बघतच म्हणाली, “शैल्या, बस खाली. उभी राहिलीस की पळतेयस असं वाटतं.”

पाच चाळीसला जनरल पाळी सुटली आणि निवडीच्या टेबलावरच्या बायका आल्या. अकराजणी, हातांना पत्र्याचे चिरे, पायांत प्लास्टिकच्या चपला. चौघींच्या कपाळावर कुंकू नव्हते. त्यांनी बोळ भरून टाकला.

“ए सुमन, हा तर मंगळवारच्या लॉटचा पत्रा! मीच काढलेला, बघ, लाल सरकलाय.”

“तू काढलास म्हणून तर इकडे आला.”

“आणि माझ्या झाकणावर ‘निव्वळ वजन’ काय? मुद्दाम दिलंस ना मला?” बोलणारी चांगली ऐसपैस होती. सगळ्या खो-खो हसल्या. आवाज शेवटच्या खोलीपर्यंत गेला असणार.

त्या हसण्याने काहीतरी सैल झाले. काकूंकडून परतणाऱ्या बायका थांबायला लागल्या. त्यांच्या हातात गुलाबी प्लास्टिकच्या साबणदाण्या होत्या. काकूंनी सकाळी घाईघाईने स्टेशनवरून आणवलेल्या. एक थांबली, झाकण उघडून लावले, पुन्हा उघडले, तो आवाज ऐकला. “तू केलेस गं?” मी हो म्हटले. “आणि साबणदाणी बघ कशी, आताच चीर गेलीय.” तिने करंडा घेतला आणि वाटीतले कुंकू आपल्या हाताने लावले. मग दुसरी. पहिल्या खोलीतली सासू तशीच ताठ पुढे गेली. सून चार पावले मागे राहिली, करंडा उचलून पदराखाली घेतला आणि पळत सासूला गाठले.

सातनंतर गर्दी ओसरली, तेव्हा बोळातून भिंतीला धरत काकूंच्या सासूबाई आल्या. त्यांना आम्ही सगळे आजी म्हणायचो. हळदीकुंकवाच्या दिवशी त्या मागच्या खोलीत असायच्या, दरवर्षी, हे चाळीला माहीत होते आणि मलाही. पण का, हे त्याआधी कधी माझ्या मनात आले नव्हते. आईने पाट सरकवून दिला. आजी बसल्या, दम घेतला.

“मला देशील का गं सुमन?”

“हे काय विचारणं झालं, आजी.”

“कुंकू नको घालूस. मिश्रीला होईल. माझी डबी सांडते.”

आईने करंड्यातल्या वड्या त्यांच्या हातावर ठेवल्या आणि रिकामा करंडा दिला. आजींनी कडेवरून बोट फिरवले, आतून, बाहेरून. “टोचत नाही,” म्हणाल्या. एवढेच. शेवटच्या खोलीच्या दारात काकू उभ्या होत्या. त्यांनी हाक मारली नाही आणि आजीही उठल्या नाहीत. पाऊण तास बसल्या.

आठ वाजता आईने पाट उचलला. साठापैकी सत्तेचाळीस गेले होते, तेरा उरले. सत्तेचाळीसांत पाचजणी विधवा, आजी धरून. दुसऱ्या दिवशी दोन करंडे आमच्या दाराशी परत ठेवलेले सापडले, कुणी ठेवले ते कळले नाही. आईने ते पुसून कोनाड्यात ठेवले आणि म्हणाली, “दिलेलं दिलं. मोजणी सत्तेचाळीसच.” काकू आमच्याशी आठ महिने बोलल्या नाहीत. फोनसाठी आम्ही नाक्यावर जायला लागलो. हे नुकसानही धरले पाहिजे.

फेब्रुवारीत आईचा पगार झाला. तिने मला वही घेऊन बसवले.

“सत्तेचाळीस गुणिले अडीच. किती?”

“एकशे सतरा रुपये पन्नास पैसे. कशाला?”

“तुला द्यायचेत.”

“घरात कसले पैसे, आई?”

“फुकट मिळालेलं वाण होत नाही. त्या दिवशी वाटले ते माझे होते की तुझे?”

“तुझे.”

“मग मला विकत घेऊ दे. दर काकूंना लावलास तोच. सूट नको. उरलेले तेरा तुझे, त्यांचे मी देणार नाही. आणि काकूंना परत केलेले पन्नास मी भरले, ते वजा कर.”

मी वजा केले. महिन्याला चारशे वीस रुपये घरी आणणारी माझी आई समोर नोटा मोजत होती आणि नको म्हणायचे माझ्या अगदी ओठांवर आले होते. मी म्हटले नाही. सदुसष्ट रुपये पन्नास पैसे तिने माझ्या हातावर ठेवले, मी ते घेतले, आणि वहीत ‘मिळाले’ लिहून खाली सही केली.